केरबाआबांचे तीन फोन

साताऱ्यातल्या त्या कन्याशाळेचं नाव इथं घेत नाही. शाळा चांगली आहे, बायका चांगल्या आहेत, उगाच कुणाच्या डोक्याला ताप नको. पण शाळेच्या मागं मुलींचं वसतिगृह आहे आणि तिथल्या स्वयंपाकघरात शालूबाई आहे, एवढं सांगितल्याशिवाय पुढं सरकता येणार नाही.

बावीस वर्षं झाली तिला तिथं. कागदावर ती 'सेविका'. म्हणजे काय, तर सत्तर पोरींच्या भाकऱ्या ती थापणार, तापलेल्या पोरीच्या कपाळावर घड्या ती ठेवणार, नळाला पाणी आलं नाही तर नगरपालिकेच्या माणसाशी भांडायला तीच जाणार, आणि वर रेक्टरबाईंचा चष्मा सापडत नसला तर तोही तिनंच हुडकायचा. सत्तर पोरींच्या सत्तर तऱ्हा. एकीला मेथी चालत नाही, एक अंधाराला भिते, एक भाकरीचा पापुद्रा तेवढा सोलून खाते आणि खालचं शेजारणीच्या ताटात सारते. शालूबाईला सगळ्या पाठ.

तोंड मात्र फाटकं. "अगं ए महाराणी, ताट कोन उचलनार, तुजा मामा?" अशी तिची सुरुवात. नवी पोरगी पहिल्या दिवशी तिच्या आवाजानंच रडते आणि आठव्या दिवशी तिच्याच पदराला हात पुसते.

मूळची ती सांगलीकडची, शिराळा भागातली. शाळेत हुशार. सातवीला गुरुजी म्हणायचे, ही पोर केंद्रात पहिली येणार. परीक्षा पाच दिवसांवर आली आणि आई तापानं पडली. थोरला भाऊ सायकल घेऊन शाळेत हजर. "चार दिस घरी चल, आई आठवण काढतीया." शालू दप्तर मांडीवर घेऊन कॅरेजवर बसली. सातव्या दिवशी आई ठणठणीत होऊन खुरपायला गेली, पण तोवर पेपर सुरू होऊन निम्मे सरले होते. पुढच्या वर्षी बघू म्हणाले. पुढच्या वर्षी बघितलं ते स्थळ.

तेव्हापासून शालूबाईचं एक शास्त्र आहे. पोरगी परीक्षेच्या तोंडावर घरी गेली की ती गेलीच. हे तिला कुणी शिकवलं नाही, अंगावर बेतलेलं आहे. वसतिगृहातली पोरगी फेब्रुवारीत "मावशी, आई बोलावतीया" म्हणाली, की शालूबाई त्या आईलाच फोनवर असं झाडायची की बिचारी आई दुसऱ्या दिवशी लाडू घेऊन माफी मागायला यायची.

आणि आपल्याकडे रीतही तशीच आहे. घरातलं पोर दहावी-बारावीला बसलं असलं, की मागं कुणी आजारी पडो नाहीतर कुणी जावो, त्याच्या कानावर घालायचं नाही. साऱ्या गावाला माहीत, शाळेला माहीत, केंद्रावरच्या शिपायालाही माहीत, फक्त त्या एका पोराला नाही. शेवटचा पेपर टाकून ते बाहेर येतं तर फाटकात काका उभा. मग सगळे म्हणतात, बरं केलं, वर्ष वाचलं. बहुतेक वेळा बरं होतही असेल. कोण मोजायला बसलंय!

दीपमाला आठवीत असताना वसतिगृहात आली. मेढ्याच्या वर डोंगरात त्यांची पंचवीस उंबऱ्यांची वाडी. बाप मुंबईला माथाडी कामगार, आई तिकडंच. पोरीला वाढवली ती आजोबांनी, केरबाआबांनी. केरबा फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेला, ताठ, मिशीला अजून पीळ. पहिल्या दिवशी नातीची पेटी स्वतःच्या खांद्यावर घेऊन आला आणि स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून म्हणाला, "शालूबाई, ही आमची बटालियन. एकच शिपाई हाय. सांबाळा."

पोरींना मोबाइल ठेवायची बंदी. घरचा फोन यायचा तो शालूबाईच्या मोबाइलवर, रविवारी. केरबाचा दर रविवारी यायचाच. दीपमाला परातीपाशी बसून बोलायची आणि शालूबाई पीठ मळता मळता ऐकायची. म्हातारा काय बोलायचा? शेळी व्याली, लिंबावर माकडं आली, पायरीवरनं घसरलो पण पडलो न्हाई. आणि शेवटी ठरलेलं: "रिपोर्ट सांग." मग दीपमालानं आठवड्याचे मार्क सांगायचे. कमी असले तरी म्हातारा म्हणायचा, "असू दे, असू दे. मोर्चा पुढं."

आता दीपमाला दहावीला बसली त्या मार्चमध्ये काय झालं ते.

मराठीचा पेपर झाला त्या दिवशी दुपारी रेक्टर विनोदिनीबाईंनी शालूबाईला खोलीत बोलावलं. दार लोटून घेतलं.

"दीपमालाच्या काकांचा, नानासोंचा फोन होता. केरबाआबांचं काही खरं नाही. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलंय. दीपमालाला यातलं अक्षरही कळू द्यायचं नाही, घरच्यांनीच तसं सांगितलंय. तुमच्याशी तिचं जास्त, म्हणून तुम्हाला सांगून ठेवते."

"कळायचं न्हाई," शालूबाई म्हणाली. "माजी गॅरंटी."

खोटं कशाला बोला, तिला त्यात थोडा अभिमानच वाटला. सत्तर पोरींचं वसतिगृह, आणि एवढी मोठी गोष्ट कुणाच्या भरवशावर? तर शालूबाईच्या.

त्या रविवारी दीपमालानं विचारलंच. "मावशी, आबांचा फोन कसा आला न्हाई?"

"त्येंनीच सांगितलंय, परीक्षा हुस्तोवर फोन नको म्हनून. पोरीचं ध्यान मोडतं म्हनले."

"आबा असं म्हनले?" पोरगी जरा खट्टू झाली. मग हसली. "मिल्ट्री ऑर्डर." आणि पुस्तक घेऊन गेली. किती सोपं असतं बघा खोटं बोलणं! शालूबाईला वाटलं, झालं काम.

पण इंग्रजीचा पेपर झाला त्या संध्याकाळी फोन वाजला. नानासोचा नव्हे, खुद्द केरबाचा. आवाज खोल गेलेला.

"शालूबाई, केरबा बोलतोय. दिपीला द्या जरा."

शालूबाईच्या हातातली पळी तिथंच राहिली. हे काही तिच्या हिशेबात नव्हतं. घरच्यांनी सांगू नका म्हटलं होतं, पण म्हाताऱ्याला स्वतःला काय वाटतं ते तिला कुणी सांगितलं नव्हतं, आणि तिनंही विचारलं नव्हतं.

"आबा, आब्यासाला बसलीया. तबेत कशी हाय?"

"बरी हाय. पेपर कसा गेला म्हनं?"

"चांगला गेला."

"मग असू द्या, असू द्या," म्हणाला आणि फोन ठेवला.

शालूबाई हे कुणाला बोलली नाही. रेक्टरबाईंना सांगितलं असतं तर त्यांनी नानासोला कळवलं असतं, म्हाताऱ्याच्या हातातला मोबाइलच काढून घेतला असता. तिला त्याची दया आली. आता हीच दया तिनं जरा दुसऱ्या बाजूला वळवली असती, पोरीला हाक मारली असती, तर काय बिघडलं असतं? पण ते तेव्हा सुचलं नाही.

दुसरा फोन गणिताच्या आदल्या दुपारी. केरबा धापा टाकत होता, आणि घरच्यांची नजर चुकवून बोलत असावा, कारण आवाज दबका होता.

"बाई, एक डाव यिऊन जाऊ दे का तिला? सकाळच्या यष्टीनं येईल, सांजच्याला माघारी. मी सोता यष्टीत बशिवतो."

सोता बसवतो म्हणे! अंथरुणातून उठवत नव्हतं त्याला.

"आबा, उद्या गनिताचा पेपर हाय. पोरगी एकदा घरी आली की तिचं मन हितं लागंल का?" शालूबाई म्हणाली. आणि मग तोंड फाटकं ते फाटकंच, ती म्हणाली, "फौजी मानूस तुमी. फौजी मानसानं अशी कच खायची व्हय?"

 पलीकडं म्हातारा हसला. "बराबर हाय. डूटी ती डूटी."

शालूबाईलाही हसू आलं होतं त्या वेळी. आज ते हसू आठवलं की तिला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटतं.

तिसरा फोन रविवारी, जेवणं झाल्यावर. पोरी आपापली ताटं विसळून अभ्यासाला गेल्या होत्या. दीपमाला तेवढी मागं राहिली होती. दाराबाहेरच्या नळावर ताट घासत होती आणि तोंडानं विज्ञानाची घोकंपट्टी चालली होती, मोठ्यानं, तिची सवयच ती. शालूबाईपासून दहा पावलं.

"शालूबाई," केरबा म्हणाला. नुसतं नाव घ्यायलाही त्याला दोनदा श्वास घ्यावा लागला. "मी काय बोलनार न्हाई तिच्यासंगं. तिला कळायचं न्हाई. तिचा नुसता आवाज ऐकिव गं बाई."

शालूबाईनं नळाकडं बघितलं. पण उद्या विज्ञान. पोरीच्या हातात फोन दिला, तिनं हा श्वास ऐकला, की ती पेटीसुद्धा न घेता स्टँडवर पळणार. सायकलच्या कॅरेजवर बसलेली, मांडीवर दप्तर घेतलेली पोर शालूबाईच्या डोळ्यांपुढं आली.

"आबा, ती मैतरिनीसंगं देवळात गेलीया," ती म्हणाली.

नळावरून आवाज येतच होता. तिकडं म्हाताऱ्यानं विचारलं, "मागं कोन बोलतंय?"

"दुसरी पोरगी हाय," शालूबाई म्हणाली.

त्यानंतर दोन दिवसांनी केरबा गेला. सकाळी नानासोनं रेक्टरबाईंना कळवलं, दुपारी वाडीच्या ओढ्यापाशी अग्नी दिला. मुंबईहून मुलगा पोचला होता. नात तिकडं साताऱ्यात विज्ञानाच्या दुसऱ्या पेपरची उजळणी करत होती.

आणि त्यावर कडी म्हणजे मधेच होळी आली. वसतिगृहात पुरणाची पोळी. शालूबाईला कळेना, सुतकातल्या पोरीला पोळी वाढायची कशी? न वाढावी तर तिला संशय येणार. वाढली. दीपमालानं दोन खाल्ल्या, तिसरी मागितली आणि म्हणाली, "मावशी, आबांना लय आवडती पोळी. दुधात कुस्करून खात्यात." शालूबाई "व्हय का" म्हणाली, भांड्याचं निमित्त करून मोरीकडं वळली आणि नळ मोठा सोडून रडली. सणाच्या दिवशी पोरीला सुतकात गोड खायला घातलं, आणि तिला माहीतही नाही. देव कुठल्या तोंडानं माफ करेल असं तिला वाटलं. देवाचं सोडा, पुढचा आठवडाभर तिला दीपमालाच्या ताटाकडं बघवत नव्हतं.

भूगोलाचा पेपर झाला. फाटकात नानासो उभा होता. दीपमालानं काकाकडं बघितलं, मग शाळेच्या पायरीवर उभ्या असलेल्या शालूबाईकडं. तेवढ्यानंच तिला सगळं कळलं. ती धावत आली ती काकाकडं नाही, शालूबाईकडं, आणि तिच्या कुशीत तोंड खुपसून ओरडली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. पोरगी गळ्यात पडून रडत होती, आणि शालूबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत "तुज्यासाठीच गं, तुज्यासाठीच" म्हणत होती.

महिन्याभरानं दीपमाला पेटी न्यायला आली. वाळली होती. स्वयंपाकघरात शालूबाईसमोर बसून भुईमुगाच्या शेंगा फोडू लागली, आणि शेंगांकडंच बघत बोलली.

"मावशी, आबांनी शेवटच्याला समद्यांना बोलवून घेतलं. बाबाला मुंबैवनं. वाईच्या आत्याला. त्येंच्या पलटनीतल्या जोतीरामआबाला तर रहिमतपुरावनं जीप करून आनलं. मला न्हाई."

"तुजी परीक्षा व्हती गं."

"ते ठावं हाय. पन नाव? मी काकीला इचारलं, आबांनी माजं नाव तरी घेतलं का? काकी म्हनली, लय बोलता येत नव्हतं. जोतीरामआबासंगं बोलता आलं की. माजंच नाव न्हाई आलं." तिनं एक शेंग फोडली, दाणे तसेच खाली टाकले. "परीक्षा हुस्तोवर फोनबी नको म्हनले. मी त्येंना एवढी नको झाले व्हते का मावशी?"

शालूबाईच्या ओठांवर आलं होतं. तीन फोन. दिपीला द्या जरा. नुसता आवाज ऐकिव. सगळं आलं आणि तिनं ते गिळलं. का गिळलं? भ्याली. दुसरं काय! नोकरी जाईल म्हणून भ्याली असं ती नंतर स्वतःला सांगायची, पण ते खरं नव्हतं. ही पोरगी पुन्हा आपल्यासमोर अशी येऊन बसणार नाही, याला ती भ्याली.

"असं नगं म्हनू," एवढंच ती म्हणाली. असल्या बोलण्यानं कुणाचं समाधान झालंय कधी? दीपमालानं पेटी उचलली आणि गेली.

मे महिन्यात निकाल लागला. दीपमालाला ब्याण्णव टक्के, वसतिगृहात पहिली. शाळेच्या सभागृहात सत्कार ठेवला. खुर्च्या, हार, माइकची शिट्टी, प्रमुख पाहुण्यांचं न संपणारं भाषण, सगळं रीतसर. विनोदिनीबाईंनी शालूबाईलाही स्टेजवर बोलावलं. "एका विद्यार्थिनीवर केवढा प्रसंग आला होता, पण आमच्या शालूबाईंनी तिला वाराही लागू दिला नाही. आईसारखं जपलं." टाळ्या. खण-नारळ. शालूबाईला ती ओटी विस्तवासारखी लागत होती, पण स्टेजवरून उतरायचं कुठून तेही दिसेना.

मग प्रत्येक मुलीनं दोन वाक्यं बोलायची होती. यशाचं श्रेय कुणाला, हे ठरलेलं. दीपमाला माइकपाशी आली.

"माझ्या यशाचं श्रेय माझे आई-बाबा, माझ्या सगळ्या बाई आणि आमची शालूमावशी यांना."

झालं. खाली वाकून नमस्कार करून ती जागेवर गेली. आबांचं नाव नाही. ज्या माणसानं तिला तळहातावर वाढवली, दर रविवारी तिचे मार्क ऐकले, त्याच्या जागी शालूबाईचं नाव. शालूबाई खण-नारळ मांडीवर घेऊन बसली होती. तिला वाटलं, आपण त्या म्हाताऱ्याला दुसऱ्यांदा मारलं. पहिल्यांदा निदान देवानं नेला तरी होता.

कार्यक्रम आटोपल्यावर दीपमाला एकटीच मेढ्याच्या एसटीला निघाली. शालूबाई म्हणाली, "चल, सोडते स्टँडवर." वाटेत पोवई नाका गेला, तोंड उघडेना. स्टँड आला, तोंड उघडेना. दीपमाला गाडीत बसली, खिडकीतून हात केला. कंडक्टरनं घंटी मारली. गाडी हलली आणि शालूबाई, चोपन्न वर्षांची बाई, एका हातात नारळ घेऊन पळत जाऊन दार धरून वर चढली.

"आवं मावशी, जीव द्यायचाय का?" कंडक्टर ओरडला.

"मेढा. एक, बायकांचं हाफ," ती म्हणाली आणि दीपमालाच्या शेजारी जाऊन बसली.

"मावशी? तुमी कुठं?"

"तुज्याकडंच. गप बस आनि ऐक. मदी बोलू नगं, न्हाईतर मला जमायचं न्हाई." शालूबाईनं समोरच्या सीटचा दांडा घट्ट धरला. "तुज्या आबानं तुजं नाव घेतलं व्हतं. तीनदा. माज्या फोनवर. घरच्यांची चोरून. मी तुला दिलं न्हाई."

आणि तिनं सांगितलं. पहिला फोन. दुसरा फोन. आपण त्याला कच खाल्ली म्हणून हिणवलं तेही सांगितलं. फोन नको असं आबा कधी म्हणालेच नव्हते, ते आपल्याच पदरचं होतं, हेही. गाडी कण्हेरच्या धरणाकडं आली. दीपमाला एकदाही मधे बोलली नाही. 

"तिसऱ्यांदा म्हनले, बोलत न्हाई, नुसता आवाज ऐकिव. मी म्हनलं, देवळात गेलीया." इथं शालूबाई थांबली. एवढ्यावर भागलं असतं. पोरीला कळायला काही मार्ग नव्हता.

"मी कुठं व्हते?" दीपमालानं विचारलं.

शालूबाईनं नारळ या मांडीवरून त्या मांडीवर घेतला.

"मावशी, मी कवाच देवळात गेले न्हाई परीक्षेत. मी कुठं व्हते?"

"नळावर," शालूबाई म्हणाली. "ताट घाशीत व्हतीस. इज्ञान घोकत व्हतीस."

"म्हंजी दाराबाहीर?"

"व्हय."

"तुमी हाक मारली असती तर मला ऐकू आलं असतं?"

"आलं असतं."

दीपमालाचा हात सीटवर होता, तो तिनं ओढून घेतला. ती खिडकीकडं वळली. मग न बघताच म्हणाली, "पुढं?"

"त्येंनी इचारलं, मागं कोन बोलतंय. मी म्हनलं, दुसरी पोरगी हाय." शालूबाईचा आवाज फुटला. "ते म्हनले, असू दे, असू दे. दुसरीबी पोरगीच की. बोलू दे तिला. फोन बंद नगा करू."

"मग?"

"मग मी फोन तसाच धरला. दाराकडं. तू बोलत व्हतीस, ते ऐकत व्हते. दोन-तीन मिनटं. तू ताट घिऊन आत आलीस तवा मी बंद केला."

"वळखला त्येंनी आवाज?"

"वळखला, दिपे. पैल्याच शब्दाला वळखला. मला खोटं पाडलं न्हाई, एवढंच."

दीपमाला उठली. शालूबाईचे गुडघे ओलांडून बाहेर पडली आणि ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर जाऊन बसली, पाठ करून. तिचे खांदे हलत होते. शालूबाईला जाऊन तिच्या पाठीवर हात ठेवायचा होता, पण तो हक्क आता तिचा राहिला नव्हता. मेढ्याला दीपमाला उतरली आणि वाडीच्या जीपकडं गेली. मागं वळून बघितलं नाही. शालूबाई त्याच गाडीनं परत साताऱ्याला आली आणि आल्या आल्या विनोदिनीबाईंना सगळं सांगितलं, आणि उद्यापासून कामावर येत नाही म्हणाली. बाईंनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाल्या, "उद्यापासून रोज या. कुठं जाणार तुम्ही? आणि मी तरी कुठं जाणार? आबांना काय हवंय, हे मी तरी कुठं विचारलं!"

अकरावीला दीपमाला परत आली, त्याच वसतिगृहात. शालूबाईशी एक अवाक्षर बोलत नाही. ताट पुढं करते, खाली बघते, भाकरी घेते, जाते. शालूबाईही आपणहून बोलायला जात नाही. तिचं फाटकं तोंड बरंच शिवलं गेलंय असं पोरी म्हणतात. आता घरून कुणाचा फोन आला, की परीक्षा असो नाहीतर काही असो, ती पोरीला हाक मारते. विनोदिनीबाईंनीच तसा नियम केलाय: घरच्या मोठ्या माणसाचं काही असलं की मुलीला सांगायचं, आणि जायचं का राहायचं ते मुलीनं ठरवायचं.

पण शालूबाईच्या जिवाला त्यानं स्वस्थता नाही. एक म्हातारा दोन-तीन मिनिटं फोन कानाला लावून कुठल्याशा डोंगरात पडून होता, हे तिला भाकऱ्या थापताना रोज दिसतं.

परवा संध्याकाळची गोष्ट. नवी आलेली सृष्टी नावाची आठवीतली पोरगी जेवायला बसेना. घरची आठवण. ताटावर नुसती मुसमुसत होती. दीपमाला तिच्या शेजारी बसली होती. शालूबाई चुलीपाशी, पाठमोरी.

"रडू नगं," दीपमाला म्हणाली. "घरची मानसं आपल्याला इसरत न्हाईत. माजे आबा मरायला टेकले व्हते ना, तवा त्येंनी मला तीनदा फोन केला. मी लांब नळावर बोलत व्हते तरी माजा आवाज वळखला."

सृष्टीनं नाक ओढलं. "मग तू काय बोललीस त्येंच्यासंगं?"

"मला फोन दिलाच न्हाई."

"कुनी?"

शालूबाईचा हात भाकरीवर थांबला. ती वळली नाही. खोलीत सत्तर पोरी जेवत होत्या. आता नाव येणार. यायलाच पाहिजे. आलं तर तिचं काही म्हणणं नव्हतं.

"जेव तू," दीपमाला म्हणाली. "भाकरी गार हुतीया."